"एमआयटी टाका नि मोकळे व्हा" म्हणे!

पाटीवरचा_खडू: काल इथे एकाने आपला कोड सगळ्यांसाठी खुला करणाऱ्या नवख्यांना ज्ञान दिलं, "लायसन्सवर डोकं शिणवू नका, एमआयटी टाका नि मोकळे व्हा." एमआयटी म्हणजे 'कोड कोणीही वापरा' म्हणणारं सैल लायसन्स. मोकळे कोण होतात, तर कंपन्या! कॉपीराइटची नोटीस ठेवली की झालं, केलेले बदल उघडे करायची सक्ती नाही. माझी मराठी शुद्धलेखन तपासणारी लायब्ररी (म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये बसवायचा तयार कोड) एका कंपनीने ॲपमध्ये घातली. वर त्यांच्याच माणसाचा मेल, "जोडाक्षरांचा बग अर्जंट आहे." पगार कोण देणार, तुझा काका?

गोटीसोडा: नोटीस ठेवली ना? मग अट पाळली. जीपीएल (जिच्यात ॲप वाटलं की त्याचाही कोड उघडा करावा लागतो) असती तर त्यांच्या वकिलाने हातही लावू दिला नसता. आणि नुसती सर्व्हरवर चालवली असती तर जीपीएलनेही काही वाकडं झालं नसतं.

पाटीवरचा_खडू: त्यासाठीच एजीपीएल आहे, साहेब, नुसतं सर्व्हरवर चालवलं तरी बदल उघडे करायला लावणारी. डेटाबेसवाल्या रेडिसने 2024 मध्ये एमआयटीसारखंच सैल बीएसडी सोडून अटी कडक केल्या, लोकांनी जुन्या कोडवरून व्हॅल्की काढलं, 2025 मध्ये रेडिसने एजीपीएलचा पर्याय दिलाच.

गोटीसोडा: बीएसडी होतं म्हणून कंपनीला दार लावता आलं, एवढं मान्य. पण जुना कोड उचलून लोकांनी संसार थाटलाच की.

काना_मात्रा: फॉन्टवाल्यांना कोणी विचारतं का? 'ष्ट्य', 'र्त्स्न्य' बसवताना डोळे जातात. ओएफएल या फॉन्टसाठीच्या खुल्या लायसन्सखाली दिलेला माझा फॉन्ट एका महाभागाने माझं नाव काढून सीडीवर विकला.

फ्लेक्सवाले_नाना: मग आम्ही वाढदिवसाचे फ्लेक्स छापायचे नाहीत का?

काना_मात्रा: छापा हो नाना! फॉन्ट वापरून केलेल्या कामावर ओएफएलचं बंधन नाही. नुसता फॉन्ट विकायचा नाही.

गोटीसोडा: सॉफ्टवेअरसोबत बांधून विकता येतो. आधी वाचा, मग रडा.

काना_मात्रा: सोबत गणपतीची क्लिपआर्ट होती. ते सॉफ्टवेअर का? आणि नाव काढायची मुभा कुठल्या कलमात आहे, तेही दाखवा.

गोटीसोडा: नाव काढलं ते चूकच. झालं समाधान?

फ्लेक्सवाले_नाना: ती सीडी बहुतेक माझ्याकडे आहे. 'र्‍य' फुटतो तोच ना?

काना_मात्रा: फुटत नाही! तुमचं कोरलड्रॉ जुनं आहे!

गोटीसोडा: 😂 खडूशेठ, लायब्ररीला एलजीपीएल का नाही लावत? त्यांचं ॲप बंद राहील, पण तुमच्या कोडमधले बदल दाखवावे लागतील.

पाटीवरचा_खडू: पुढच्या आवृत्तीला तीच लावतोय, तुम्ही सांगितलं म्हणून नव्हे. जुनी एमआयटीवरच राहील, दिलेलं परत घेता येत नाही. जोडाक्षरांचा बग मात्र नवीनमध्येच दुरुस्त केलाय.