मदत हवी आहे: जेमिनिड उल्कावर्षाव जुन्नरकडे बघायचाय, पण बिबट्याचं काय?

मंडळी, यंदा डिसेंबरातला मिथुन राशीतला उल्कावर्षाव, म्हणजे जेमिनिड्स, घरच्यांना दाखवायचा आहे. डोंबिवलीच्या गच्चीवरून चांदण्या बोटावर मोजाव्या लागतात, म्हणून सासुरवाडीला जावं म्हणतोय. जुन्नर तालुका, शेतातलं घर, तिन्ही बाजूंनी ऊस. आकाश काळंभोर, पण उसात बिबट्याचा वावर आहे. शेजारच्या वस्तीवरचं कुत्रं नुकतंच नेलंय. सासरे म्हणाले, "लाईट रात्रीची असली की आम्ही नाइलाजानं पाणी धरायला जातो. तुम्हाला कुणी बोलावलंय जावईबापू, रानात आडवं पडायला?" यावर काय बोलणार!

किल्ल्याचा विचार सोडला. बऱ्याच ठिकाणी रात्री थांबू देत नाहीत, शिवाय वडिलांचे गुडघे. वांगणी (कर्जत मार्गावरचं, आकाशनिरीक्षणासाठी ओळखलं जाणारं गाव) जवळ पडेल, पण तिथे आता कितपत अंधार उरलाय?

प्रश्न असे: घराच्या स्लॅबवरून नीट दिसेल का? १२ तारखेचा शनिवार सोयीचा आहे, तो चालेल का? आणि बातम्यांत तासाला शंभर-दीडशे उल्का म्हणतात, तेवढ्या खरंच दिसतात? लेकीला आकडा सांगून बसलोय.

जाणकारांनी प्रकाश टाकावा. (टॉर्चचा नको.)

प्रतिसाद १
स्लॅबच उत्तम. रानात जाऊच नका. दुर्बीण लागत नाही, उलट तिच्यातून आकाशाचा तुकडाच दिसतो. उताणं पडून जास्तीत जास्त आकाश नजरेत घ्यायचं.

शनिवारी उल्का बऱ्याच कमी असतील. हा वर्षाव हळूहळू चढतो आणि झपाट्याने ओसरतो. रविवार १३ किंवा सोमवार १४ ची रात्र धरा, सोमवारची रजा टाकाच. चंद्र चार-पाच दिवसांचा, साडेदहापर्यंत मावळेल. तोवर मृग नक्षत्र पूर्वेला वर आलेलं असतं. त्याच्या डावीकडे पुनर्वसूची जोडी दिसेल, कॅस्टर आणि पोलक्स. उल्का कॅस्टरच्या आसपासून फुटल्यासारख्या वाटतात, पण तिकडेच टक लावू नका, त्या आकाशात कुठेही दिसतात. कॅस्टर रात्री अडीचच्या सुमारास जवळपास डोक्यावर येतो, तेव्हा खरी मजा.

दीडशेचा आकडा उगमबिंदू (उल्का जिथून फुटल्यासारख्या वाटतात ती जागा) डोक्यावर आणि आकाश निर्दोष असेल तेव्हाचा. गावातून तासाला तीस-चाळीस मिळाल्या तरी भरून पावाल. मुलीला तेवढाच आकडा सांगा.

प्रतिसाद २
सतरंजीखाली प्लास्टिक घाला. डिसेंबरात दव इतकं पडतं की पहाटेपर्यंत गोधड्या ओल्या होतात. मोबाइल खिशातच ठेवा, डोळे अंधाराला सरावायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात आणि एका व्हॉट्सॲपने सगळं वाया जातं. लेकीला हेही सांगा, बहुतेक उल्कावर्षाव धूमकेतूंच्या धुळीचे, हा मात्र फेथॉन नावाच्या लघुग्रहाचा. तो १९८३ साली सापडला, वर्षाव त्याच्या कितीतरी आधीपासून दिसत होता.

धागाकर्ता
दोघांचेही आभार. रजा टाकली. आता एकच राहिलं: स्लॅबच्या अगदी समोर ग्रामपंचायतीचा एलईडी दिवा आहे, आणि बिबट्यामुळेच तो गावकऱ्यांनी मागून घेतलाय. बंद करा म्हणायची सोय नाही. कुणी अशा वेळी आडोसा कसा केलाय?

प्रतिसाद १
दिव्याच्या बाजूला दोन बांबू उभे करून ताडपत्री बांधा. दिवा चालू राहू द्या.