आधी तेलाच्या परतीचा मार्ग बघा, मग टर्बोची जागा

गाडीला टर्बो (एक्झॉस्टच्या, म्हणजे जळून बाहेर पडणाऱ्या वायूने फिरून इंजिनात जादा हवा ढकलणारं यंत्र) जोडायचाय; रेडिएटरच्या मागे खालचा कोपरा मोकळा आहे, तिथेच बसवू, असा विचार मांडला जातो. जागा आहे खरी, पण तेल परत कसं जाणार? टर्बोचा दांडा ज्यात फिरतो त्या बेअरिंगला तेल दाबाने मिळतं. बाहेर पडताना मात्र ते फेसाळलेलं असतं आणि निव्वळ उताराने संपमध्ये (इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या भांड्यात) ओघळतं. म्हणून परतीची नळी जाड हवी, होता होईल तो उभी हवी आणि संपमध्ये तेलाच्या पातळीच्या वर उघडायला हवी. नाहीतर तेल बेअरिंगपाशी तुंबतं, सीलमधून झिरपतं आणि मागून निळा धूर सुरू. असा धूर बघून मी एकदा धडधाकट टर्बो 'गेला' म्हणून खोलून बसलो होतो. दोष निघाला नळीला पडलेल्या झोळाचा!

खालीच बसवायचा हट्ट असेल तर तेल ओढायला वेगळा पंप लागेल, म्हणजे बिघडायला आणखी एक वस्तू.

दुसरं उष्णतेचं. पेट्रोल इंजिनाचा एक्झॉस्ट भरधाव चालवताना ९०० अंश सेल्सिअसच्या पुढे जाऊ शकतो. ब्रेकचा मास्टर सिलिंडर किंवा वायरिंग शेजारी असेल तर मधे पत्र्याचा आडोसा हवाच. पण उष्णतेला भिऊन टर्बो मॅनिफोल्डपासून (इंजिनातून एक्झॉस्ट गोळा करणाऱ्या नळ्यांपासून) फार लांबही नेऊ नका, वायू वाटेतच थंड होतो आणि प्रतिसाद मंदावतो. इंटरकूलरचा (टर्बोने दाबलेली हवा थंड करणाऱ्या जाळीचा) पाइप वीतभर लांबला तर मला फारसं वाटत नाही.

आणि हो, माप घेताना इंजिन त्याच्या माउंटवर (रबरी आधारांवर) हलतं हे धरा. उभ्या गाडीत बोटभर वाटणारी फट ॲक्सिलरेटर दाबताच नाहीशी होते.