गणपतीला इलेक्ट्रिक गाडीने गावी: महामार्गाने की कोल्हापूरवरून? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

मागच्या दिवाळीत पेट्रोलची गाडी विकून नेक्सॉन ईव्ही घेतली, ४५ युनिटच्या बॅटरीची. मुंबईत एकदम खूश आहे. (सोसायटीत पार्किंगपाशी मीटर मिळायला दोन सर्वसाधारण सभा आणि एक भांडण लागलं, तो किस्सा पुन्हा कधीतरी.) यंदा ती पहिल्यांदाच गावी न्यायची आहे. भांडुपहून निघायचं, कणकवलीच्या पुढे आत बारा किमीवर घर. एकूण साडेचारशेच्या आसपास. गाडीत मी, बायको, लेक आणि आई. डिकीत माटवीचं (गणपतीवर टांगायच्या सजावटीच्या चौकटीचं) सामान, दोन बॅगा आणि आईचा तांदळाचा डबा, जो गावी तांदूळ पिकत असूनही दरवर्षी जातो.

कागदावर रेंज ४८९. चार माणसं आणि एसी धरून मला ऐंशीच्या वेगाने तीनशे-सव्वातीनशे मिळते, शंभरने हाणली की अडीचशेच्या जवळ येते. म्हणजे वाटेत एक थांबा सक्तीचा, दोन घेतले तर निवांत. एरवी मी विचारलंही नसतं. पण हे गणपतीचे दिवस.

मे महिन्यात दापोलीला गेलो होतो, तेव्हा चार्जर शोधायचं अ‍ॅप एका हॉटेलातल्या चार्जरला म्हणत होतं 'उपलब्ध'. १४ टक्क्यांवर तिथे पोचलो तर हॉटेलचा वॉचमन शांतपणे म्हणाला, "लाईट सकाळपासून नाय." दीड तासाने आली. तोवर आम्ही तीन वेळा चहा प्यायलो आणि लेकीने हॉटेलातल्या मांजरीची दोन नावं ठेवली. तेव्हापासून अ‍ॅपवरच्या हिरव्या ठिपक्यावर माझा विश्वास नाही. आईचा तर गाडीवरच नाही. कालच म्हणाली, "वाटेत बंद पडली तर माका धक्को मारूक लावतलंस काय?"

तर प्रश्न असे. मुंबई-गोवा महामार्गाने पेण-माणगाव-महाड-चिपळूण असं सरळ जावं, की पुणे-कोल्हापूर करून फोंडा घाटाने उतरावं? दुसरा रस्ता लांब आहे, पण चार्जर जास्त दिसतात. खंडाळ्याचा चढ बॅटरी किती खातो? माणगावला ट्रॅफिकमध्ये चार तास अडकलो तर एसीचं काय? आणि गावी फक्त पंधरा अँपियरचं सॉकेट आहे, तेवढ्यावर भागेल का? प्रत्यक्ष जाऊन आलेल्यांनी सांगितलं तर बरं. यूट्यूब बघून झालंय.

---

कुर्लाकर:

दोन वर्षं ईव्हीने लांज्याला जातोय. आधी ट्रॅफिकची भीती काढून टाका, तिथे आपली गाडी पेट्रोलवाल्यांपेक्षा बरी. उभी असताना एसीला तासाला साधारण एक युनिट जातं. चार तास अडकलात तर चार युनिट, म्हणजे नऊ टक्के. सरकत-सरकत चाललात तर रेंज उलट वाढते, कारण बॅटरी खातो तो वेग. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो.

अडचण रांगेची. चार्जरवर लिहिलेलं असतं साठ किलोवॅट, पण दोन गाड्यांना दोन गन (चार्जिंगचे प्लग) एकदम लागल्या की बऱ्याच ठिकाणी ते निम्मं-निम्मं होतं. चाळीस मिनिटांचे सव्वा तास होतात आणि मागे तीन गाड्या. म्हणून बॅटरी २० वर येईपर्यंत थांबू नका. महाड-पोलादपूर पट्ट्यात ४५-५० टक्के असतानाच बघा, रिकामा दिसला तर लावा, नसला तर पुढचा गाठा. हातात दोन पर्याय ठेवून निघायचं. आणि ८० झाले की गन काढा. त्यापुढे चार्जिंग इतकं हळू होतं की मागचा माणूस तुमच्याकडे बघायला लागतो.

पोलादपूरच्या पुढे कशेडीचा घाट आता बोगद्यामुळे टळतो, तेवढंच सुख.

---

घाटवळण:

खंडाळ्याचा हिशोब सोपा आहे. गाडी, माणसं आणि तांदळाचा डबा मिळून साडेअठराशे किलो धरा. खोपोलीपासून वर चढ साडेपाचशे मीटरच्या आसपास. एवढं वजन नुसतं उचलायला पावणेतीन युनिट, मोटरमधली गळती धरून सव्वातीन. बॅटरीचे सात टक्के. आकडा उतरताना दिसतो म्हणून पोटात गोळा येतो, बाकी काही नाही. फोंडा घाट उतरताना मोटरच वीज बनवून बॅटरीत टाकते, त्यामुळे यातलं बरंच परत मिळेल, फक्त त्याआधी कोल्हापुरात १०० टक्के भरून निघू नका. भरलेल्या बॅटरीत उतारावरची वीज जायला जागाच नसते, मग सगळा भार ब्रेकवर.

मी असतो तर जाताना कोल्हापूरवरून गेलो असतो. चाळीस-पन्नास किमी जास्त, पण एक चार्जर बंद निघाला तर पुढचा लांब नसतो. शिवाय आईंना पाय मोकळे करायला बरं. फोंडा घाट मात्र उजेडी उतरा. पावसात धुकं असतं.

---

वीजवाली:

रस्त्याचं बाकीचे सांगतीलच, मी सॉकेटचं बोलते. पंधरा अँपियरवर तासाला अडीच-तीन युनिट जातात, म्हणजे २० टक्क्यांवरून पूर्ण भरायला पंधरा तासांच्या आसपास. दोन रात्री मिळाल्या तर प्रश्नच नाही. पण आपल्या गावच्या बऱ्याच घरांत अर्थिंग (गळकी वीज जमिनीत सोडणारी तार) नसतं, आणि गाडीसोबत आलेला चार्जर ते आधी तपासतो. नसलं तर लाल दिवा लावून बसून राहतो. अशा वेळी गावातला कोणी वायरमन न्यूट्रल आणि अर्थ जोडून 'चालू करून' देईल. अजिबात करू देऊ नका. एखादी तार सुटली तर गाडीच्या पत्र्यात करंट येईल, आणि गणपतीत अंगणात मुलं असतात.

एक्स्टेंशन बोर्ड नको. अर्ध्या तासाने प्लगला हात लावून बघा, चटका बसला तर बंद. पंप आणि गाडी एका वेळी लावू नका. आत्ताच घरी फोन करून सॉकेटचा फोटो मागवा.

---

धागाकर्ता:

सगळ्यांचे आभार. जाताना कोल्हापूर, येताना महामार्ग, असं ठरतंय. चार्जिंगच्या तीन अ‍ॅपच्या वॉलेटमध्ये पैसे आजच भरतो, घाटात नेटवर्क शोधत बसायला नको.

वीजवाली ताई, चुलतभावाने फोटो पाठवला. सॉकेट पंधराचंच आहे, वरचं अर्थिंगचं मोठं भोकही आहे. अर्थिंगचा खड्डा आहे म्हणतो, पण कुठे ते फक्त काकांना माहीत होतं, आणि काका आता नाहीत. आईच्या मते नारळाखाली, भावाच्या मते गोठ्यामागे.

---

वीजवाली:

मतं नकोत. मेन बंद करून मीटर बोर्ड उघडायला सांगा आणि हिरवी तार भिंतीबाहेर कुठे निघते ते बघायला लावा. तिच्या मागे मागे जायचं.

---

धागाकर्ता:

गेला होता तिच्या मागे. गोठ्याच्या वळचणीला येऊन तार संपते. टोकाला गाठ मारलेली आहे आणि तिच्यावर काकींचे टॉवेल वाळत आहेत.

---

वीजवाली:

मग खड्डा नवाच घ्या, जाणत्या वायरमनकडून. कोळसा, मीठ, तांब्याची पट्टी. चतुर्थीला अजून तीन आठवडे आहेत आणि जमीन सध्या ओली आहे, काम चांगलं होईल. टॉवेलसाठी वेगळी दोरी बांधा.