अक्षरओळख नसलेल्या कॅथलिकांना धर्मग्रंथ ठाऊक होते का?

सागरवेळ: "अडाणी ख्रिस्ती लोकांना बायबल कुठलं माहीत, पाद्री सांगेल ते खरं" हे परवा पुन्हा ऐकलं. मला पटत नाही. गोव्याचंच बघा. थॉमस स्टीफन्स हा जेझुइट या कॅथलिक संघाचा इंग्रज पाद्री 1579 साली आला आणि 1616 मध्ये त्याचं क्रिस्तपुराण छापलं गेलं. लिपी रोमन, पण भाषा मराठी आणि छंद ओवीचा. आदामापासून येशूपर्यंत दहा हजारांवर ओव्या! चर्चमध्ये एकजण म्हणायचा, बाकीचे ऐकायचे. आपल्याकडे तरी हरिपाठ तोंडपाठ असलेल्या किती आज्यांना सही करता येत होती?

कुंपणावरचा: हरिपाठाशी तुलना नको. वारकऱ्याची ज्ञानेश्वरी कुणी काढून घेतली नव्हती. इथे पोर्तुगीज राजवटीत आधी जुन्या पोथ्या बंद केल्या, मग नवं पुराण हातात ठेवलं. त्याच पुराणात एक ब्राह्मण विचारतो, आमची पुराणं बंद केलीत, तर त्या जागी दुसरं काही का देत नाही? पुढे 1684 च्या पोर्तुगीज फर्मानाने तर स्थानिक भाषाच तीन वर्षांत सोडायला सांगितली. नुसतं ऐकणाऱ्याला ताडून काय बघता येणार?

सागरवेळ: फर्मान निघालं, मान्य. पण पुराण संपलं का? लोकांनी नकला करून ठेवल्या, म्हणून 1907 साली मंगळूरला ते पुन्हा छापता आलं.

कुंपणावरचा: नक्कल करणाऱ्याला वाचता येत होतं हो! माझाच मुद्दा झाला.

वसईची सून: दोघेही पुस्तकातच अडकलात. माझ्या आजेसासूबाईंना अक्षर येत नव्हतं. संध्याकाळी रोझरीची, म्हणजे जपाची माळ हातात घ्यायच्या. मंगळवारी आणि शुक्रवारी दुःखाची रहस्यं, म्हणजे येशूच्या छळाचे पाच प्रसंग: गेथशेमाने बाग, फटके, काट्यांचा मुकुट, क्रूस, मरण. क्रम कधी चुकला नाही. मुकुटाशी आल्या की आवाज उतरायचा. जुन्या पूर्ण माळेत 'नमो मारिये' ही मरियेची प्रार्थना दीडशे वेळा, कारण बायबलमधली स्तोत्रं दीडशे. वाचता न येणाऱ्यांची ती सोय. गोव्यातले लोक या माळेला तेर्स म्हणतात, तो शब्दच मुळी 'तिसरा हिस्सा', म्हणजे पन्नास.

कुंपणावरचा: दीडशे स्तोत्रांऐवजी एकच प्रार्थना दीडशे वेळा. याला स्तोत्रं शिकणं म्हणायचं?

वसईची सून: नाही म्हणणार. पण मेंढपाळाचं तेविसावं स्तोत्र त्यांना येत होतं, गाण्यातून. चाल सुचली नाही की शब्दही अडायचे. मग कुणीतरी पहिली ओळ गुणगुणायची, आणि त्या शेवटपर्यंत जायच्या.