बाल्टिकचं पाणी रशियाला वगळून मोजणार?

फिनलंडकर: काल इथे एकाने लिहिलं, ‘हेलकॉममधून (बाल्टिक समुद्र जपणाऱ्या किनारी देशांच्या आयोगातून) रशियाला कायमचं काढा, पाणी तपासायला उपग्रह पुरेसे आहेत.’ वाचून राहवलं नाही. उपग्रहाला वरचं शेवाळ दिसतं. तळाशी ऑक्सिजन संपलाय का, गाळातून शेवाळ वाढवणारा फॉस्फरस सुटतोय का, हे कळायला जहाजावरून नमुने घ्यावे लागतात. बाल्टिकला सर्वांत जास्त पाणी आणणारी नदी नेवा, आणि ती येते सेंट पीटर्सबर्गमधून. ऐन शीतयुद्धात, 1974 ला, सोव्हिएत युनियन आणि दोन्ही जर्मनींनी हा समुद्र वाचवायच्या हेलसिंकी करारावर सह्या केल्या होत्या. युक्रेन युद्धामुळे मार्च 2022 पासून रशियासोबतच्या बैठका, प्रकल्प बंद आहेत. बंद का केले ते समजतं. पण ‘गरजच नाही’ म्हणणं साफ चूक.

टाल्लिनची सून: इथे एस्टोनियात माझ्या सासूबाईंना सोव्हिएत काळात स्वतःच्या किनाऱ्यावर जायलाही परवाना लागायचा. त्या राजवटीच्या सह्यांचं कौतुक मला सांगू नका. असल्यांच्या आकड्यांवर विश्वास कोण ठेवणार?

फिनलंडकर: ताई, म्हणून तर सगळ्यांच्या प्रयोगशाळा एकाच पद्धतीवर आणायच्या. रशियातल्या लुगा नदीकाठच्या खत कारखान्यातून फॉस्फरस येतोय, हे संयुक्त प्रकल्पातल्या नमुन्यांमुळेच बाहेर आलं.

तासगावचा शेतकरी: आलं शेवटी खतावर! जगात कुठेही पाणी बिघडलं की शेतकऱ्याच्या माथी. आमच्याकडे एक साहेब माती न तपासताच ‘युरिया कमी टाका’ सांगून गेले, वर चारचौघांत अडाणी म्हणाले. शहरांची गटारं कुणी मोजायची?

फिनलंडकर: गटारंही मोजली, दादा. पीटर्सबर्गचं नैऋत्य सांडपाणी केंद्र 2005 ला सुरू झालं, त्यात स्वीडन-फिनलंडचा पैसा होता. पण आज शेतातून वाहून येणारं नत्र आणि स्फुरद (म्हणजे फॉस्फरस) हाच मोठा वाटा आहे.

कोपनहेगनवाली: डेन्मार्कात माणसांपेक्षा डुकरं जास्त. त्यांचं शेणखत कुठे जातं ते उन्हाळ्यात इथल्या फ्योर्डांमध्ये, म्हणजे समुद्राच्या चिंचोळ्या फाट्यांमध्ये, मेलेल्या माशांना विचारा.

तासगावचा शेतकरी: मग डुकरांच्या कंपन्यांना धरा! चार एकरवाल्याला कशाला?

फिनलंडकर: चार एकरवाल्याला धरतच नाहीत. इथे सरकारने स्वतःच्या खर्चाने शेतात जिप्सम टाकून दिलं, हेक्टरी चार टन. त्याने स्फुरद मातीत धरून राहतो, पीक घटत नाही.

तासगावचा शेतकरी: जिप्सम आम्ही चोपण जमिनीला कधीपासून टाकतोय, ते काय नवीन नाही. पण पैसे सरकारने दिले? सगळे? एवढं मात्र बरोबर केलं. मोजायचंय तर असं मोजा, आधी मदत द्या, मग बोट दाखवा.

टाल्लिनची सून: जिप्समवरून रशिया विसरलात सगळे. माझं म्हणणं तेच, युद्ध चालू असताना त्यांच्यासोबत एका टेबलाला बसायचं नाही.

फिनलंडकर: टेबलाला नका बसू. नेवाच्या पाण्याचे आकडे तरी मागा.

टाल्लिनची सून: आकडे मागायला हरकत नाही. पडताळल्याशिवाय मी एकही मानणार नाही.