मदत हवी आहे: पावसाळ्यात वर्गातच मुलांना हलतं कसं ठेवायचं?

नमस्कार मंडळी. रत्नागिरी जिल्ह्यात द्विशिक्षकी शाळेत तिसरी-चौथीला शिकवते. पट ३१, दोन्ही इयत्ता एकाच खोलीत. जूनपासून मैदानात नुसता चिखल, त्यामुळे मुलं दिवसभर बसूनच. या वयाला रोज सरासरी किमान ६० मिनिटं मध्यम ते चांगली दमवणारी हालचाल हवी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आमच्याकडे सध्या पंधराही होत नाहीत. दुपारी पाढे म्हणताना डोळे मिटायला लागतात, बघून जीव तुटतो.

परिपाठानंतर सूर्यनमस्कार सुरू केले. आठवडाभर उत्साह होता, मग टाळाटाळ. व्हरांड्यात खांब-खांबोळ्या घेतलं, तेव्हा मुलं काय खूश! पण ओल्या फरशीवर एक मुलगा घसरला, हनुवटीला दोन टाके पडले. तेव्हापासून पळापळ बंद, लंगडीही बंद.

बाक नाहीत, बसकरपट्ट्या गुंडाळल्या की खोली मोकळी होते. पण पलीकडे पहिली-दुसरीचा वर्ग, मध्ये फक्त लाकडी पार्टिशन, म्हणून उड्या आणि आरडाओरडा नको. वीज सारखी जाते, तेव्हा व्हिडिओ लावून करायचे प्रकार जमणार नाहीत. एका मुलीच्या पायाला कॅलिपर आहे. तिला गुण मोजायला बसवायचं नाही, तिनं खेळायलाच हवं.

जागच्या जागी, कमी आवाजात, पाढे किंवा कवितेशी जोडता येतील असे १० मिनिटांचे कोणते खेळ तुम्ही स्वतः वर्गात घेतले आहेत? आणि खेळ संपल्यावर मुलांना पुन्हा अभ्यासाला कसं बसवता?