रक्ताचा नमुना आणि साथीचा नमुना

खानापूर_नाका
मंडळी, एका शब्दापाशी अडलोय. आमच्या वाचनालयाच्या अंकासाठी साथरोगांच्या गणितावरचा लेख मराठीत उतरवायलोय. पहिल्याच पानावर माझं वाक्य असं झालं : ‘रुग्णांच्या रक्ताच्या नमुन्यांवरून या नमुन्यातले आकडे ठरवले.’ पहिला नमुना नळीतला, दुसरा कागदावरचा, म्हणजे इंग्रजीतलं ‘मॉडेल’, साथ कशी पसरते ते मांडणारी समीकरणं. वाचणाऱ्यानं काय समजायचं? म्हणून दुसऱ्या जागी ‘प्रतिमान’ घातलं, तर बारावीतली भाची म्हणाली, “मामा, तापमान, पर्जन्यमान तसं प्रतिमान म्हणजे काय मोजायचं?” ‘प्रारूप’ म्हटलं की मतदार यादी आठवते. सरळ ‘मॉडेल’ लिहू काय?

शहापूरचा_मास्तर
‘प्रतिमान’च लिहा. भाचीला अडलं तर समजावून सांगा, शब्द काढून टाकू नका. ‘महापौर’, ‘दिनांक’ हे सावरकरांनी दिलेले शब्दही पहिल्या दिवशी कानाला टोचलेच असतील. आज कोण अडतं? इथं सीमेवर आपण मराठीसाठी इतकं सोसलं आणि विज्ञान लिहायची वेळ आली की ‘मॉडेल’! मला हे पटत नाही.

निपाणीची_लेक
मास्तर, राग नको, पण ‘नमुना’ तरी कुठं आपला? फारसीतला तो. माझं शिक्षण कन्नडात झालं. तिथं रक्ताचा नमुनाही ‘मादरी’ आणि गणिताचं मॉडेलही ‘मादरी’. वर्गात कधी कोणी गोंधळलं नाही. शेजारचे शब्द अर्थ ठरवतात.

तरी खानापूरकरांची अडचण मला खरी वाटते, ती वेगळ्या कारणानं. आमच्याकडं तंबाखूचा व्यापार. मूठभर माल दाखवायचा, त्यावर सगळ्या पोत्यांचा भाव ठरायचा. तो नमुना. म्हणजे नमुना हा त्याच मालाचा तुकडा असतो. साथीचं समीकरण साथीचा तुकडा नव्हे. त्यात ना ताप, ना जंतू. म्हणून तिथं ‘नमुना’ चुकतो.

गुऱ्हाळ_चिकोडी
लेकीनं बरोबर पकडलं. माझं मत ‘साचा’. रस कुठल्याही शेतातल्या उसाचा असू दे, साच्यात ओतला की ढेपेचा आकार तोच. कन्नडात ‘अच्चु’. तसंच निरोगी, रोगी आणि बाजूला झालेले असे तीन कप्पे करायचे आणि त्यात फ्लू ओता नाहीतर गोवर ओता. गोवराचा एक रोगी, कोणालाच प्रतिकारशक्ती नसलेल्या वस्तीत, 12 ते 18 जणांना लागण देतो असं धरतात. फ्लूचा आकडा कितीतरी लहान. आकडे बदलले, साचा तोच.

खानापूर_नाका
अण्णा, ‘साचा’ आवडला, पण भीतीही वाटली. साच्यात रस बसतोच, बसायला नकार देत नाही. मॉडेल चुकायला हवं, चुकलं तर कळायला हवं. माझ्या लेखात हेच आहे. केरमॅक आणि मॅकेंड्रिक या दोन स्कॉटिश संशोधकांनी 1927 साली जी समीकरणं मांडली ती मुंबईच्या प्लेगला लावून पाहिली, डिसेंबर 1905 ते जुलै 1906 मधले मृत्यूचे आकडे घेऊन. रेघ सुरेख जुळली. पण तो प्लेग पसरायचा उंदरांच्या पिसवांमधून आणि समीकरणात ना उंदीर, ना पिसू. आकडे जुळले म्हणून कारण जुळलं असं होत नाही. ‘साचा’ म्हटलं की हा इशारा हरवतो.

हल्याळची_वाट
‘आडाखा’ का नको? आडाखा चुकतो, सगळ्यांना माहीत आहे.

शहापूरचा_मास्तर
आडाखा ज्योतिषाचा आणि शेअर बाजाराचा. त्यात रीत दिसत नाही, फक्त निकाल दिसतो. ब्रिटिश डॉक्टर रोनाल्ड रॉसनं 1897 साली सिकंदराबादेत डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू पाहिले. पुढं त्यानंच गणितानं दाखवलं की हिवताप हटवायला शेवटचा डास मारायची गरज नाही, डास एका मर्यादेखाली आणले की पुरे. याला आडाखा म्हणणं म्हणजे त्याच्या कष्टाचा अपमान.

निपाणीची_लेक
मग नामाच्या मागं कशाला लागायचं? मराठीत ‘गणित मांडणे’ आहे की. ‘रॉसनं हिवतापाचं गणित मांडलं.’ कोणाला शंका येते काय? मांडलेलं मोडता येतं, पुन्हा मांडता येतं.

खानापूर_नाका
शीर्षकात क्रियापद कसं बसवू ताई? पण बघतो. अजून एक अडलंय : तिसरा कप्पा. इंग्रजीत त्याला ‘रिमूव्हड’ म्हणतात. ‘बरे झालेले’ लिहिलं तर मेलेले कुठं गेले?

हल्याळची_वाट
आमच्यात ‘तापातून उठला’ म्हणतात. मेलेल्याला तसं म्हणता येत नाही. ‘वजा झालेले’ लिहा, दोन्ही येतात.

गुऱ्हाळ_चिकोडी
माणसाला ‘वजा’? ज्याच्या घरातलं माणूस गेलं त्यानं हे वाचायचं? नको.

हल्याळची_वाट
अण्णा, मन दुखवायचं नव्हतं. आमच्या बाजूच्या जंगलात ‘मंगन कायिले’चं भय असतं, माकडताप. 1957 साली शिमोग्याकडं क्यासनूरला पहिल्यांदा सापडला, गोचिडीतून येतो. गणितात माणसाला असल्या कप्प्यात टाकलं तर मला चालतं, कारण त्यातूनच लस कोणाला आधी द्यायची ते ठरवता येतं.

कृष्णाकाठ_अथणी
उशिरा आलो. ‘साथ संपली’ लिहिलंय काय कुठं? लिहू नका. ‘ओसरली’ लिहा. 2019 च्या पुरात आमच्या गावात पाणी आठवडाभर होतं, तेव्हापासून हा शब्द अंगात भिनलाय. एक रोगी सरासरी एकापेक्षा कमी जणांना लागण देऊ लागला की साथ उतरणीला लागते. तेव्हा लागण न झालेले लोक गावात शिल्लकच असतात. पाणी ओसरतं तेव्हाही नदी आटलेली नसते.

निपाणीची_लेक
आमच्यात पाणी ओसरतं, ताप उतरतो. साथीला दोन्ही ऐकलंय.

शहापूरचा_मास्तर
‘उतरणे’ तापाला, विंचवाला, देवाला. साथीला नाही.

कृष्णाकाठ_अथणी
माझी आजी प्लेगचं सांगताना ‘उतरला’च म्हणायची, मास्तर. ‘गाव शेतात झोपड्या बांधून राहिलं आणि प्लेग उतरल्यावर परत आलं.’ तिचं मराठी चुकीचं म्हणायचं काय?